पाऱ्याचा रोध नाहीसा झाला आणि एका माणसाने तो पुन्हा पुन्हा मोजला : हाइके कामर्लिंग ओनेस यांची गोष्ट

मे महिन्यात लिंबागणेशला पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. आपल्या बोलण्यात पारा म्हणजे तापमानच झालंय. पारा चढला, पारा उतरला, असं आपण सहज म्हणतो. आजची गोष्ट मात्र अशा पाऱ्याची आहे जो उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. साल होतं १९११, गाव नेदरलँड्समधलं लायडन. तिथे त्या पाऱ्याने असं काही केलं की त्यावर आजचं एमआरआय मशीन चालतं.

पण त्याआधी थोडं अलीकडचं आठवू.

जुलै २०२३ मध्ये तुमच्या फोनवर एक व्हिडिओ नक्की आला असेल. चुंबकावर अर्धवट तरंगणारा एक काळसर खडा. दक्षिण कोरियातल्या काही संशोधकांचं म्हणणं होतं की एलके-९९ नावाचा हा पदार्थ घरातल्या साध्या तापमानालाही अतिसंवाहक आहे. अतिसंवाहक म्हणजे सुपरकंडक्टर, ज्यातून वीज जाताना काहीच वाया जात नाही असा पदार्थ. आठवडाभर इंटरनेटवर दुसरा विषय नव्हता. मग जगभरातल्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून पाहिला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही पाहिला. अतिसंवाहकता काही सापडली नाही. रोध अचानक पडल्याचं जे दिसलं होतं, ते त्यात मिसळलेल्या तांब्याच्या सल्फाइडमुळे होतं, असं पुढे स्पष्ट झालं. हे सल्फाइड १०४ अंशांच्या आसपास आपली रचना बदलतं आणि त्याचा रोध झपकन घसरतो.

म्हणजे रोध खरोखरच पडला होता, फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला होता.

हाच पेच १९११ मध्ये लायडनच्या त्या माणसासमोर होता. रोध शून्य झाला, हे म्हणायला सोपं आहे. पण शून्य मोजायचं कसं? आणि ते यंत्राची चूक नाही, हे कशावरून?

कौलांच्या कारखानदाराचा मुलगा

हाइके कामर्लिंग ओनेस यांचा जन्म २१ सप्टेंबर १८५३ चा, नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या ग्रोनिंगन शहरातला. वडिलांचा विटा-कौलांचा कारखाना होता. घरात कलेचं वातावरण होतं आणि धाकटा भाऊ मेन्सो पुढे चित्रकार झाला. हाइके विज्ञानाकडे वळले. ग्रोनिंगनला शिकले, मग जर्मनीत हायडेलबर्गला बुन्सेन आणि किर्खहोफ या दोन दिग्गजांच्या हाताखाली काम केलं. १८७९ मध्ये डॉक्टरेट मिळाली. विषय होता पृथ्वी स्वतःभोवती फिरते याचे नवे पुरावे. जी गोष्ट सगळ्यांना आधीच मान्य होती, ती पुन्हा मोजून दाखवायची! या माणसाचा स्वभाव तिथेच कळतो.

१८८२ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, ते लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले. पहिल्याच व्याख्यानात त्यांनी सांगून टाकलं की भौतिकशास्त्रात ज्ञानाचा रस्ता मोजमापातून जातो. आज हे वाक्य गुळगुळीत वाटतं. पण ते बोलून थांबले नाहीत. पुढची ४० वर्षं त्यांनी या एकाच गोष्टीवर घालवली.

गाव घाबरलं, काम थांबलं

ओनेस यांना वायूंचा अभ्यास करायचा होता. व्हान डर वाल्स या डच शास्त्रज्ञाने वायू आणि द्रव यांच्याबद्दल मांडलेले नियम खरे आहेत का, हे त्यांना तपासायचं होतं. त्यासाठी वायू प्रचंड थंड करून द्रवरूप करावे लागणार होते. तसं यंत्र बाजारात मिळत नव्हतं. मग त्यांनी ते स्वतः उभारायला घेतलं. १८९४ पर्यंत, म्हणजे प्राध्यापक झाल्यावर १२ वर्षांनी, त्यांच्याकडे द्रव ऑक्सिजन भरपूर प्रमाणात तयार होऊ लागला.

आणि लगेच अडथळा आला. लायडन शहरात १८०७ मध्ये बंदुकीच्या दारूने भरलेली बोट फुटली होती आणि दीडशेच्या आसपास माणसं मेली होती. त्या स्फोटात उद्ध्वस्त झालेल्या जागेवरच ही प्रयोगशाळा उभी होती. आता तिथे दाबाखालच्या वायूंच्या टाक्या आहेत हे कळल्यावर लोक घाबरले, तक्रार वरपर्यंत गेली. चौकशी समिती बसली आणि १८९५ ते १८९८ अशी जवळपास तीन वर्षं वायू थंड करण्याचं काम बंद राहिलं.

दरम्यान लंडनमध्ये जेम्स डेवार यांनी १८९८ मध्ये हायड्रोजन द्रवरूप करून दाखवला. शर्यतीत ओनेस मागे पडले.

निळ्या कोटातली पोरं

डेवार आणि ओनेस यांच्या कामाच्या पद्धतीत मोठा फरक होता. डेवार आपली यंत्रणा फारशी कुणाला दाखवत नसत आणि मोजक्या माणसांवर काम करत. ओनेस यांनी प्रयोगशाळेचा कारखाना केला. काच फुंकणारे, पंप बसवणारे, धातूचे बारीक भाग घडवणारे कारागीर नेमले. १९०१ मध्ये उपकरणं बनवणाऱ्या कारागिरांसाठी शाळाच काढली. ही पोरं निळे कोट घालून काम शिकत, म्हणून गावात त्यांना निळी पोरं म्हणत. ती शाळा आजही लायडनमध्ये चालू आहे.

अचूक मोजमाप म्हणजे एका हुशार माणसाची कमाल असं आपल्याला वाटतं. पण काच तडकली, पंप गळला, तारेचा जोड सुटला, तर शास्त्रज्ञ कितीही मोठा असो, आकडा चुकतो. आकड्यावर विश्वास ठेवायचा तर आधी यंत्र घडवणाऱ्या हातांवर विश्वास बसायला हवा. ओनेस यांना हे नीट कळलं होतं.

हेलियम आणि विजयदुर्गाची आठवण

आता एकच वायू उरला होता जो कुणालाच द्रवरूप करता आला नव्हता : हेलियम. महाराष्ट्रात हेलियम म्हटलं की विजयदुर्ग किल्ल्यावरचे साहेबांचे ओटे आठवतात. नॉर्मन लॉकियर यांनी तिथेच हेलियम शोधला, अशी पोस्ट दरवर्षी फिरते. लॉकियर विजयदुर्गला आले होते हे खरं, पण ते जानेवारी १८९८ च्या सूर्यग्रहणासाठी. सूर्यप्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा त्यांनी १८६८ मध्ये इंग्लंडमधून पाहिली होती. पृथ्वीवर हेलियम सापडला १८९५ मध्ये, विल्यम रॅम्से यांना.

ओनेस यांना हा दुर्मीळ वायू मोनाझाइट वाळूतून काढावा लागला. त्यांचा भाऊ ओन्नो व्यापार खात्यात अधिकारी होता, त्याने अमेरिकेतून वाळू मिळवून दिली. १० जुलै १९०८ ला पहाटे पावणेसहाला काम सुरू झालं. आधी २० लिटर द्रव हायड्रोजन तयार केला, मग त्याच्या थंडाव्यात हेलियम फिरवायला सुरुवात झाली. संध्याकाळ झाली, तापमान एका जागी अडकलं आणि भांड्यात काही दिसेना. तेवढ्यात पाहायला आलेल्या एका सहकारी प्राध्यापकाने भांड्यावर खालून प्रकाश टाकायला सुचवलं. तसं केल्यावर द्रवाची कड चमकली. द्रव हेलियम भांड्यात कधीच जमला होता, डोळ्यांना दिसला नव्हता इतकंच. साधारण ६० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या छोट्या कपाएवढा.

त्याचा उत्कलनबिंदू ४.२ केल्विन, म्हणजे उणे २६९ अंश. लिंबागणेशच्या ४० अंशांच्या दुपारचे केल्विनमध्ये ३१३ होतात. म्हणजे केवढी थंडी असेल, अंदाज करा.

पाराच का?

त्या काळी एक मोठा वाद चालू होता. धातू थंड केला की त्याचा रोध कमी होतो, हे माहीत होतं. पण निरपेक्ष शून्यापाशी, म्हणजे ज्याच्याखाली तापमान जाऊच शकत नाही तिथे, काय होईल? लॉर्ड केल्विन यांना वाटायचं, इलेक्ट्रॉन गोठून बसतील आणि रोध पुन्हा प्रचंड वाढेल. ओनेस यांचा अंदाज होता की रोध हळूहळू शून्याकडे जाईल.

आधी त्यांनी प्लॅटिनम आणि सोनं तपासलं. रोध कमी होत गेला आणि एका पातळीवर येऊन थांबला. नमुना जितका शुद्ध, तितकी ती पातळी खाली. म्हणजे आपण धातूचा रोध मोजतोय की त्यातल्या भेसळीचा, हा प्रश्न उभा राहिला. भेसळ काढायची तर असा धातू हवा जो पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून, म्हणजे वाफ करून आणि थंड करून, शुद्ध करता येतो. असा धातू म्हणजे पारा. म्हणून पारा.

८ एप्रिल १९११

हेलियम द्रवरूप झाल्यावरही प्रत्यक्ष मोजमापाला जवळपास तीन वर्षं लागली. कारण द्रव हेलियम तयार होतो त्या यंत्रात प्रयोगाला जागाच नव्हती. तो वेगळ्या भांड्यात न उकळता कसा न्यायचा, हे आधी सोडवावं लागलं. ही जबाबदारी कार्यशाळेचे प्रमुख खेरिट यान फ्लिम यांनी पेलली.

प्रयोगाच्या दिवशी कामं वाटलेली होती. ओनेस आणि फ्लिम हेलियमच्या भांड्याजवळ. कॉर्नेलिस डोर्समन तापमानावर लक्ष ठेवून. आणि खिलेस होल्स्ट हा तरुण सहायक वेगळ्या अंधाऱ्या खोलीत गॅल्व्हॅनोमीटरसमोर. वेगळ्या खोलीत का? कारण पंपांच्या धडधडीने त्या नाजूक उपकरणाचा आरसा हलला असता आणि आकडा बिघडला असता.

काचेच्या केसासारख्या बारीक नळीत पारा गोठवला होता. दुपारी तापमान उतरत गेलं आणि पाऱ्याचा रोध मोजता येण्यापलीकडे गेला. ओनेस यांनी वहीत पेन्सिलीने तशी छोटी नोंद केली. त्याच दिवशी त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. सर्वात खालच्या तापमानाच्या थोडं आधी हेलियमचं उकळणं अचानक थांबलं. आज आपल्याला माहीत आहे की तो अतिप्रवाही हेलियम होता. त्याचा अर्थ लागायला आणखी २५ हून जास्त वर्षं जायची होती. अर्थ कळला नाही तरी नोंद मात्र झाली होती.

मग त्यांनी जाहीर सभा घेतली का? नाही, पुन्हा मोजलं. कुठे शॉर्टसर्किट झालंय का हे तपासलं. मे महिन्यात जास्त बारीक व्होल्टेज दिसेल अशी सोय करून तापमान खालून वर, थोडं थोडं चढवत नेलं. ४ केल्विनला काही नाही, त्याच्या किंचित वर काही नाही आणि मग अचानक रोध हजर! उतार असायला हवा होता तिथे पायरी निघाली. ओनेस यांचा स्वतःचा अंदाज चुकला होता, कारण रोध हळूहळू शून्याकडे गेला नव्हता, एका झटक्यात गायब झाला होता. नंतर त्यांनी पाऱ्यात मुद्दाम दुसरे धातू मिसळून पाहिले. तरीही रोध गेला. म्हणजे ज्या शुद्धतेसाठी पारा निवडला, तिची गरजच नव्हती! हेही त्यांनी लपवलं नाही.

मोठा माणूस, एक आकडा चुकलेला

डिसेंबर १९१२ मध्ये कथील आणि शिसंही अतिसंवाहक निघालं. शिशासाठी त्यांनी साधारण ६ केल्विन हा आकडा दिला. खरा आकडा ७.२ आहे. ही चूक का झाली? द्रव हेलियम ४.२ केल्विनपर्यंत पुरतो. द्रव हायड्रोजन १४ च्या खाली जात नाही, गोठतो. मधल्या पट्ट्यात तापमान स्थिर ठेवायची सोयच नव्हती. जिथे तापमान नीट मोजता येत नाही, तिथे पदार्थाचा गुणधर्मही नीट सांगता येत नाही, हा धडा त्या एका आकड्यात आहे.

पुढचा धक्का वेगळा होता. ओनेस यांनी शिशाच्या तारेचं वेटोळं करून १० टेस्लाचं महाबलाढ्य चुंबक बनवायचं स्वप्न पाहिलं होतं. पण ठरावीक मर्यादेपलीकडे प्रवाह गेला की अतिसंवाहकता मोडायची. १९१४ मध्ये कळलं की चुंबकीय क्षेत्रही ती मोडतं. शिशासाठी तर फक्त ०.०६ टेस्ला पुरे.

शून्य मोजण्याचा सर्वात देखणा उपाय मात्र त्यांनी १९१४ मध्येच केला. गॅल्व्हॅनोमीटर कितीही चांगला असला तरी त्याला मर्यादा असतेच. मग रोध मोजायचाच कशाला? शिशाच्या बंद वेटोळ्यात प्रवाह सुरू केला, बॅटरी काढून टाकली आणि शेजारच्या चुंबकसुईकडे पाहत बसले. तांब्याच्या तारेत असा प्रवाह क्षणार्धात मरतो. इथे तासामागून तास गेले तरी सुई हलेना. जो प्रवाह संपतच नाही, त्याच्या वाटेत रोध किती हे वेगळं सांगावं लागत नाही.

होल्स्ट कुठे गेले?

१९१३ चं नोबेल ओनेस यांना मिळालं, तेही मुख्यतः अतितापमानांवरच्या नव्हे तर नीच तापमानांवरच्या कामासाठी, ज्यातून द्रव हेलियम तयार झाला. अतिसंवाहकतेच्या शोधावरच्या निबंधांवर नाव होतं एकट्या ओनेस यांचं. गॅल्व्हॅनोमीटरसमोर बसून तो आकडा सर्वात आधी पाहणारे होल्स्ट लेखकांत नव्हते. त्या काळच्या प्रयोगशाळांचा रिवाज तसा होता, हे खरं. पण ज्या प्रयोगशाळेची ताकदच अनेक हातांत होती, तिथे श्रेय एका नावावर जमा झालं, हेही तितकंच खरं. होल्स्ट १९१४ मध्ये फिलिप्स कंपनीत गेले आणि तिच्या नामांकित संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले.

ओनेस यांची तब्येत तरुणपणापासून नाजूक होती. तरी १९२२ मध्ये त्यांनी ०.८३ केल्विनपर्यंत मजल मारली. २१ फेब्रुवारी १९२६ ला लायडनमध्ये त्यांचं निधन झालं. १९३२ मध्ये फ्लिम यांनी एक कमाल केली. हेलियमच्या भांड्यात फिरता प्रवाह ठेवून ते विमानाने लायडनहून लंडनला गेले. प्रवाह वाटेत संपला नव्हता.

त्यांच्यानंतर नियम बसले

ओनेस यांच्या मागे जे प्रश्न राहिले, त्यांची उत्तरं जगाने हळूहळू ठरवली. १९३३ मध्ये जर्मनीत माइसनर आणि ओक्सनफेल्ड यांनी दाखवलं की अतिसंवाहक आपल्यातलं चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो. तेव्हापासून नुसता रोध पडला म्हणून कुणी विश्वास ठेवत नाही, चुंबकीय परीक्षाही पास व्हावी लागते. एलके-९९ या परीक्षांत नापास झालं.

दुसरा प्रश्न तारेचा. एखादी तार किती प्रवाह सहन करेल, हे कारखान्याला आणि ग्राहकाला दोघांनाही सारखंच समजायला हवं. पण अतिसंवाहकता मोडते तेव्हा व्होल्टेज हळूहळू डोकं वर काढतं. मोडली असं नेमकं कधी म्हणायचं? यावर एकमत नसेल तर एकाच तारेचे दोन प्रयोगशाळांत दोन आकडे येतात. म्हणून मर्यादा ठरवल्या गेल्या, उदाहरणार्थ तारेच्या दर सेंटिमीटरला १ मायक्रोव्होल्ट. १९८२ च्या व्हर्साय शिखर परिषदेतून सुरू झालेल्या वामास या उपक्रमात देशोदेशीच्या प्रयोगशाळांनी एकाच प्रकारची तार मोजून आकडे ताडून पाहिले. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने अतिसंवाहकांसाठी वेगळी समिती नेमली. तिच्या प्रमाणांत तार कशी धरायची, तापमान किती स्थिर ठेवायचं, व्होल्टेज कुठे मोजायचं, असं सगळं लिहिलेलं असतं.

गंमत म्हणजे आज हेलियमच्या बाष्पदाबावरूनच जगाच्या तापमानश्रेणीचा तळाचा भाग ठरतो. ज्या शिशाने ओनेस यांना चकवलं, त्याच शिशाचा ७.२ केल्विनचा टप्पा पुढे थर्मामीटर तपासायला वापरला गेला.

मुंबईतला अर्धा मिलिकेल्विन

ही परंपरा आपल्याकडेही आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गटाने डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर केलं की अतिशुद्ध बिस्मथ अतिसंवाहक होतो. कोणत्या तापमानाला? ०.५३ मिलिकेल्विन, म्हणजे ओनेस यांच्या पाऱ्यापेक्षा जवळपास आठ हजार पट खाली. अडचण फक्त थंडीची नव्हती. ५.२ मायक्रोटेस्ला इतक्या किरकोळ चुंबकीय क्षेत्राने ही अवस्था मोडते आणि पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र ४० च्या आसपास आहे. म्हणजे आधी पृथ्वीलाच प्रयोगाबाहेर ठेवावं लागलं. १९११ ला पंपांच्या धडधडीपासून गॅल्व्हॅनोमीटर लांब ठेवला, त्याचाच हा पुढचा टप्पा.

मग आपल्याला काय?

उद्या लिंबागणेशच्या कुणा आजीला पाठीच्या दुखण्यासाठी बीडला किंवा छत्रपती संभाजीनगरला नेलं आणि डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला, तर त्या मोठ्या यंत्रांत बहुतेक वेळा नायोबियम-टायटॅनियमची तार ४.२ केल्विनच्या द्रव हेलियमने थंड ठेवलेली असते. तिच्यातला प्रवाह एकदा सुरू केला की वर्षानुवर्षं फिरत राहतो, १९१४ च्या त्या शिशाच्या वेटोळ्यासारखाच. ०.०६ टेस्लाला हरलेलं स्वप्न आज १.५ टेस्लाला रोज चालतंय. ती तार कारखान्यातून निघाली तेव्हा कुणीतरी ठरलेल्या पद्धतीने मोजून तिच्यावर शिक्का मारला, म्हणून आजी निर्धास्त आत झोपू शकते.

पुढच्या वेळी तरंगणाऱ्या खड्याचा नवा व्हिडिओ आला तर तो जरूर पाहा, मजा घ्या. फॉरवर्ड करण्याआधी मात्र तीन प्रश्न विचारा. तापमान कसं मोजलं? रोध पडला, पण चुंबकीय परीक्षा झाली का? दुसऱ्या कुणी तोच आकडा काढला का? ओनेस यांनी हे प्रश्न स्वतःलाच विचारले होते, आणि उत्तर हाती आल्यावरही पुन्हा मोजलं होतं.